वरख म्हणा, वर्क म्हणा

केकचं सामान घरात आलं आणि त्याच्याबरोबर नवे शब्दही आले. चॉकलेट आणि गरम क्रीम घोटून केकवर ओततात, त्याला कोणी गनाश म्हणतं, कोणी गॅनाश, आणि पाकिटावरची इंग्रजी अक्षरं दिसतात तशी वाचून कोणी गनाचे. साखरेची मऊ कणीक पोळीसारखी लाटून केकवर पांघरतात, ती कोणाची फॉन्डंट, कोणाची फोंडेंट. फ्रेंचचा क्लास केलेली एखादी भाची येते आणि ‘फोंदाँ’ म्हणून सगळ्यांना गप्प करते. आमच्या उज्जैनमध्ये तर आणखी गंमत. दुकानाच्या हिंदी पाटीवर ‘बैंक’ आणि घरात येणाऱ्या मराठी मासिकात ‘बँक’ वाचत आम्ही मोठे झालो. त्यामुळे कॅरॅमल की कैरामेल, हा आमच्या घरांत फक्त जिभेचा प्रश्न राहत नाही. कोणती लिपी आधी शिकलात, इथवर तो जातो.

आपल्या मंडळात हल्ली बिनअंड्याच्या केकचे वर्ग होतात. चांगली गोष्ट आहे. पण तिथे मी एक पाहिलं. शब्द नीट येत नाही म्हणून बऱ्याच जणी प्रश्नच विचारत नाहीत. बोट दाखवतात, “ते... ते वरचं पांढरं” म्हणतात, नाहीतर गप्प बसतात. एकीने गनाशला गनाचे म्हटलं आणि मागच्या रांगेत हसू फुटलं. त्यानंतर तासभर ती काही बोलली नाही. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्या तासात तिला जे विचारायचं होतं, ते राहून गेलं.

म्हणून म्हटलं, आज एका जुन्या शब्दाची गोष्ट सांगावी. केक आपल्या घरात यायच्या कितीतरी आधीपासून आपण गोड पदार्थ सजवत होतो, आणि त्या सजावटीचा एक परका शब्द आपल्या जिभेवर पिढ्यानपिढ्या रुळला आहे. तो शब्द म्हणजे वरख. नाहीतर वर्ख. नाहीतर वरक. नाहीतर वर्क. बघा, सुरुवातीलाच चार झाले.

माझं माहेर परभणीकडचं. तिकडे आम्ही ‘वरख’ म्हणायचो, पुस्तकात ‘वर्ख’ छापलेलं असायचं. काजूकतलीवर वरख, विड्यावर वरख. लग्न होऊन उज्जैनला आले, तर सासरी सगळी मराठी बोलणारी माणसं, पण मिठाईवरच्या चांदीला ‘वर्क’ म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, “अगं, थाळीवर वर्क लावून ठेव.” आणि जाऊबाईंच्या साडीवरही वर्कच असायचं, जरीचं. आमची मुलं शाळेत जायला लागली तेव्हा तिसरं वर्क आलं, होमवर्क. एकाच घरात तीन वर्क, आणि मिठाईवरच्या वर्कचा बाकीच्या दोन इंग्रजी वर्कशी काही संबंध नाही. मी मात्र वरखच म्हणत राहिले. सासूबाई कधी हसायच्या, कधी “परभणीचं ख” म्हणून चिडवायच्या. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझे वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. ते निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. ते म्हणायचे, “शब्द अरबी आहे, आणि अरबस्तानातून तो आपल्याकडे पायी आला. इतक्या लांब चालून आल्यावर थोडा तरी झिजणारच.”

मूळ शब्द अरबी, ‘वरक़’. शेवटचा क़ घशात अगदी खाली, पडजिभेपाशी उच्चारायचा. अर्थ साधा आहे, पान. झाडाचं पान, आणि मग वहीचं, पोथीचं पान. उर्दूत आजही पुस्तकाच्या पानाला वरक म्हणतात. पंजाबकडे वहीच्या पानाला ‘वरका’ म्हणतात. म्हणजे चांदीचा वरख म्हणजे चांदीचं पान, एवढंच.

आता यात गंमत अशी, की धातू पातळ ठोकला की त्याला ‘पान’ म्हणावं हे एकट्या अरबांना सुचलेलं नाही. आपल्या संस्कृतात पत्र म्हणजे पान. त्याच पत्रापासून आपला घरावरचा पत्रा आला. आपल्या आचार्यांनी ज्यावर लिहिलं ते ताडपत्र, आपण पोस्टात टाकत होतो ते पत्र, पावसात ज्यावर थेंब वाजतात तो पत्रा, मूळ सगळ्यांचं एक. इंग्रजीत सोन्याच्या वरखाला गोल्ड लीफ म्हणतात, लीफ म्हणजे पानच. आणि पोळ्या गुंडाळायची ती फॉइल? तिचं मूळ लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे पुन्हा पान! जगात कुठेही माणसाने धातू ठोकून ठोकून पातळ केला, वाऱ्याने हलायला लागला, की त्याला झाडाचं पान आठवलं. वरख लावताना आपण पंखा बंद करतो ना? तसंच ते असणार.

बंगालीत मात्र या चांदीला वरक म्हणत नाहीत, ‘तबक’ म्हणतात. तोही शब्द अरबीच, पण वेगळा. त्याचा अर्थ थर किंवा थाळी. मराठीत आपण पूजेच्या ताटाला तबक म्हणतो. म्हणजे जो शब्द कोलकात्यात विड्यावर बसला, तो आपल्याकडे विड्याखाली आला. वर आणि खाली, दोन्ही बरोबर.

आता ‘ख’ कुठून आला ते बघू. हिंदीत क़चा साधा क झाला. कलम, किल्ला, कायदा या शब्दांत मराठीनेही तेच केलं. पण काही शब्दांत मराठीने ख धरला. हिंदीत ‘बुरका’, मराठीत ‘बुरखा’. हिंदीत ‘वर्क’, मराठीत ‘वर्ख’. गुजरातीकडे पाहिलं तर तिथेही ‘वरख’ आणि ‘बुरखो’. म्हणजे नर्मदेच्या अलीकडे पलीकडे ही रेघ कुठेतरी पडली आहे. हैदराबादच्या दखनी उर्दूत तर हा नियमच आहे. तिथे क़ला ख़ म्हणतात. कलमला ख़लम म्हणतील, आणि लखनौचा माणूस ऐकून कपाळाला हात लावेल. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, बाजारातली बोली दखनी. तेव्हा आमच्या जिभेवरचा ख दखनीच्या शेजाराने पक्का झाला असावा, असं मला वाटतं. परभणीचं ख म्हणून जे हसू व्हायचं, त्याच्या मागे एवढं मोठं संस्थान उभं होतं!

बरं, ज्यांचा हा शब्द, त्या अरबांच्या घरी तरी एकमत आहे का? नाही. कैरोचा माणूस शेवटचा क़ गिळून टाकतो आणि ‘वरअ’ असं काहीसं म्हणतो. आखाती देशांत तोच शब्द ‘वरग’ होतो. इराणी माणूस त्याला ‘वरघ’च्या जवळ नेतो. आपल्या मुली-सुना दुबईला असतात. तिथल्या लेबनानी हॉटेलात द्राक्षाच्या पानात भात भरलेला एक पदार्थ मिळतो, ‘वरक इनब’. तिथला वरक आणि आपल्या काजूकतलीवरचा वरख हे सख्खे भाऊ आहेत. पुढच्या वेळी खाल तेव्हा आधी आत काय भरलंय ते विचारून घ्या, कारण पुष्कळदा त्यात खिमा असतो.

अजून एक बारकावा. मूळ शब्दात दोन ‘अ’ आहेत, व-र-क़. मराठीतल्या बोलीतल्या वरखमध्ये ते दोन्ही टिकले, पण शेवटचा वर्ण बदलला. हिंदीतल्या वर्कमध्ये शेवटचा वर्ण मुळाच्या जवळ राहिला, पण मधला अ गेला. म्हणजे मी सासरी स्वर सांभाळत होते आणि सासूबाई व्यंजन. दोघींपैकी कोणा एकीलाच बरोबर ठरवायचं तर कसं ठरवणार?

आणि हा रस्ता एकेरी नाही. आपल्याकडून शब्द गेले, तेही असेच बदलले. संस्कृतातला ‘खंड’, म्हणजे साखरेचा खडा, आपली खांड. तो इराणात जाऊन ‘कंद’ झाला, अरबीत ‘क़ंद’. तिथून युरोपात जाऊन इंग्रजांचा ‘कँडी’ झाला. आणि आपल्याकडे परत आला तो गुलकंदात. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. आपल्या ‘ख’चा त्यांनी ‘क’ केला, त्यांच्या ‘क़’चा आपण ‘ख’ केला. हिशोब फिटला. बर्फीचंही तसंच, मूळ फारसी ‘बर्फ’. जिलेबीचं मूळ अरबी-फारसी, आणि ती आपल्याकडे जिलेबी, आमच्या उज्जैनच्या चौकात जलेबी, बंगालात जिलापी. सकाळी पोह्यांबरोबर खाताना मात्र कोणी भांडत नाही.

आता जरा आमच्या माळव्याकडे वळू, कारण वरखाची गोष्ट इथे आपल्या जैन घरांशी येऊन मिळते. उज्जैनहून दीडशेएक किलोमीटरवर मांडू आहे. पंधराव्या शतकात तिथे माळव्याच्या सुलतानांची राजधानी होती. सुलतान घियासुद्दीन खिलजी १४६९ मध्ये गादीवर आला. त्याच्यासाठी आणि पुढे त्याच्या मुलासाठी, नासिरुद्दीनसाठी, तिथे पाककृतींचं एक चित्रमय पुस्तक तयार झालं, ‘निमतनामा’. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फारसी लिपीत लिहिलेल्या त्या पुस्तकात इथल्या बोलीतले खाण्याचे शब्दही सरळ येऊन बसले आहेत. म्हणजे माळव्याच्या स्वयंपाकघरात फारसी आणि देशी शब्द पाचशे वर्षांपासून एकाच चुलीवर शिजत आहेत.

त्याच मांडूत, त्याच्याही थोडं आधी, १४३९ साली कल्पसूत्राची एक सचित्र पोथी तयार झाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पश्चिम भारतात तोवर ताडपत्राची जागा कागदाने घेतली होती, आणि त्या शतकात जैन श्रावकांनी पोथ्यांवर सोनं सढळ हाताने वापरलं. अहमदाबादकडच्या काही पोथ्यांत तर चित्रांच्या कडांनासुद्धा सोनं आहे. कल्पसूत्राबरोबर पुष्कळदा कालकाचार्यांची कथा लिहिलेली असते. ती कथा आमच्या उज्जैनचीच. गर्दभिल्ल राजाने कालकाचार्यांच्या बहिणीला, साध्वी सरस्वतीला, बळाने महालात नेलं, आणि तिला सोडवण्यासाठी आचार्य थेट शकांकडे मदतीला गेले. त्या कथेतली उज्जैन कितीतरी पोथ्यांच्या पानांवर रंगांत आणि सोन्यात रंगवलेली आहे. पानावर पान. कागदाचा वरक आणि त्यावर सोन्याचा. एका साध्वीची कहाणी सांगायला आपल्या पूर्वजांनी तो वापरला, हे मला मिठाईवरच्या वरखापेक्षा मोठं वाटतं.

मराठी माणूस माळव्यात आला तो त्यानंतर तीनशे वर्षांनी. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपलं ठाणं केलं. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. पण इथे आलेली मराठी घरं इथेच राहिली. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आजही आमच्या बाजाराच्या मध्यावर आहे, चांदी मढवलेल्या दरवाजांसकट. आलेल्या मंडळींनी दक्षिणेतून ‘वरख’ आणला असेल, पण इथल्या बाजारात माल ‘वर्क’ या नावाने मिळायचा. सिंदूर लावून मारुतीला चोला चढवतात, त्यावर चांदीचा वर्क लावतात. हकीम औषधाच्या पुडीवर वर्क लावून द्यायचे, चांदीचा तो वर्क-ए-नुकरा आणि सोन्याचा तो वर्क-ए-तिला. ज्या दुकानातून माल आणायचा त्याच दुकानाचा शब्द घरात येतो. आमच्या सासूबाईंचा वर्क असाच बाजारातून घरात आला असणार.

राज्यकर्त्यांनी ठरवलं तर शब्द बदलतात का? कारभारातले थोडेफार बदलतात. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यामुळे राजदरबारातले काही शब्द बदललेही. पण हलवा, बर्फी, वरख यांना कोणी हलवू शकलं नाही. स्वयंपाकघरातला शब्द आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे जातो, तिथे कोणाचा हुकूम चालत नाही.

इथवर सगळी मौज झाली. आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले, ते सांगते.

आपण इतकी वर्षं वरख की वर्क यावरून एकमेकींना चिडवत राहिलो. पण तो कशात ठोकला जातो, हे आपल्यापैकी कितीजणींनी विचारलं होतं? आपण पाणी गाळून पिणारी माणसं. दिवस मावळायच्या आत जेवणारी. बटाटा-कांदा जमिनीखालचा म्हणून न खाणारी. पर्युषणात हिरवी भाजीसुद्धा विचार करून चिरणारी. आणि त्याच घरात पारण्याच्या ताटात चांदी लावलेली बर्फी यायची.

वरख करण्याची जुनी रीत अशी. चांदीचे बारीक तुकडे एका वहीच्या पानांमध्ये एकेक ठेवायचे. ती वही कातडी वेष्टनात घालायची आणि तासन्तास हातोडीने ठोकायची. हैदराबादच्या चारमिनारच्या आसपासच्या गल्ल्यांत त्या ठोक्यांचा ताल ऐकू यायचा. ठोकता ठोकता चांदी इतकी पातळ होते, की तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. कागदाची वही एवढा मार सोसत नाही, फाटते. म्हणून त्या वहीची पानं जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्याची नाहीतर चामड्याची असत. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. युरोपातले सोनार सोनं ठोकायला बैलाच्या आतड्याचाच पापुद्रा वापरत, त्याला नावच ‘गोल्डबीटर्स स्किन’. तो इतका चिवट आणि हवाबंद, की शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत झेपेलिन नावाची मोठी विमानासारखी फुगे-जहाजं उडत, त्यांच्या वायूच्या पिशव्यांनाही तोच लावत.

चांदीत काही मांस नसतं, हे खरं. पण चांदीचं प्रत्येक पान त्या पापुद्र्याला चिकटून मार खात असतं. आपल्या दृष्टीने हिंसा ताटात दिसते की नाही एवढाच प्रश्न नसतो. ती वस्तू होताना कुठे घडली, हाही असतो. कृत, कारित आणि अनुमोदना हे आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकलो आहोत. स्वतः केलं नाही, करवलं नाही, तरी कौतुकाने ताटात घेतलं, तर तिसऱ्यात आपण येतोच.

हे लोकांसमोर आणलं ते विचारणाऱ्या माणसांनी. पुण्याची ब्युटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था वर्षानुवर्षं यावर लिहीत, सांगत आली. श्वेतांबर मंदिरांत मूर्तीची अंगी वरखाने सजवतात. हे कळल्यावर काही संघांनी तो वापरणं बंद केलं. आम्हा दिगंबरांत मूर्तीला अंगी नसते, पण म्हणून आम्ही सुटलो असं नाही, मिठाई तर सगळेच खातो. पुढे यंत्राने, खास कागदाच्या पानांत ठोकलेला वरख बाजारात आला. २०१६ साली अन्नसुरक्षेच्या केंद्रीय नियमांत सुधारणा निघाली, की वरख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये. चांदी ९९९ शुद्धतेची हवी, हेही त्यात आहे. आणि आपल्या विषयापुरती गंमत अशी, की त्या इंग्रजी नियमात या वस्तूचं नाव ‘चांदी का वर्क़’ असंच लिहिलेलं आहे, शेवटी इंग्रजी क्यू अक्षर घालून. म्हणजे सरकारने अरबी क़ जपला! पण त्या नियमाचं वजन त्या क़मध्ये नाही. ‘प्राणिज’ या शब्दात आहे.

नियम झाला म्हणून आपलं काम संपत नाही. दुकानदाराला विचारायला हवं, की हा वरख मशीनचा आहे का, कागदातला आहे का, डब्यावर हिरवा ठिपका आहे का. आणि चांदीच आहे ना, हेही. चांदीऐवजी ॲल्युमिनियम लावून फसवणारे आहेत. घरच्या घरी पाहायचं तर वरखाचा तुकडा दोन बोटांत चोळा. खरी चांदी भुकटी होऊन विरते. ॲल्युमिनियम विरत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात. शंका आली तर ताट परत पाठवायला लाजू नका.

आता केकच्या वर्गाकडे येऊ. तिथेही गोष्ट तीच आहे. बाजारातल्या तयार फॉन्डंटमध्ये पुष्कळदा जिलेटिन असतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून काढलेला चिकट पदार्थ. मार्शमेलोतही तेच. वर ‘बिनअंड्याचा’ लिहिलेला केक आत जिलेटिन घेऊन येऊ शकतो, कारण अंडं नाही एवढंच त्याने सांगितलेलं असतं. फॉन्डंटला फोंडेंट म्हटल्याने कोणाचं व्रत मोडत नाही. “यात जिलेटिन आहे का, की अगर-अगर वापरलंय?” हे न विचारल्याने मात्र मोडतं. अगर-अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळाचं. ज्यांना तेही चालत नसेल त्यांनी साखर, दूध पावडर आणि कॉर्नफ्लोअरचा लेप करावा. छान बसतो, आणि नाव काय द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

गनाशला गनाचे म्हणणारी ती मुलगी. तासानंतर मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, तुला काय विचारायचं होतं? ती म्हणाली, “काकू, वरती जी चांदी लावली, ती आपल्याला चालते का? मला त्या शिकवणाऱ्या ताईंना विचारायचं होतं, पण त्या तिला सिल्व्हर लीफ म्हणत होत्या. मी वर्क म्हणाले असते तर पुन्हा हसले असते सगळे.” त्या दिवशी सबंध खोलीत आपल्या धर्माचा प्रश्न फक्त तिच्या मनात आला होता, आणि तो एका उच्चाराच्या भीतीने आत अडकून राहिला.

म्हणून आपल्या मंडळात मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. पहिली, वर्गात शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येक सामानाचं पाकीट हातोहात फिरवायचं, मागची बारीक अक्षरं सगळ्यांनी वाचायची, आणि जी नावं वाचता येत नाहीत ती मोठ्याने, जशी येतील तशी वाचायची. दुसरी, घरी नवी सून, माहेरवाशीण किंवा पाहुणी काही वेगळं बोलली, तर “आमच्याकडे असं म्हणत नाहीत” हे वाक्य गिळून टाकायचं आणि “तुमच्याकडे काय म्हणतात?” हे विचारायचं. परभणीची ख म्हणेल, उज्जैनची क, अहमदाबादची पुन्हा ख, कोलकात्याची तबक. ऐकत जा. त्यातून कळेल, तिच्या आजीच्या काळी कोणत्या बाजारातून चांदी यायची, कोण हकीम होता, कोणतं राज्य होतं. असा इतिहास पुस्तकात लिहिलेला सापडत नाही. एवढं ऐकून झालं, की मग तिलाही विचारायचं, तुमच्याकडे तो कशात ठोकलेला मिळतो?